तीच गाडी, तोच फॉल्ट, तिसऱ्यांदा

आयटीआयला मोटर मेकॅनिक करून पोरं आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला येतात तेव्हा त्यांना क्लच बसवता येतो, हेड उतरवता येतं, स्कॅनर पण लावता येतो. पण दोन लाखाच्या वर फिरलेली गाडी तीच तक्रार घेऊन तिसऱ्यांदा दारात आली की हात थांबतात. माझं पण तसंच झालेलं. पहिली चार वर्षं मी पार्ट बदलणं म्हणजेच रिपेरिंग समजत होतो. ते डोक्यातनं कसं गेलं ते एका गाडीवरून सांगतो.

डिझेल हॅचबॅक, २,३८,००० किलोमीटर. गाडीवाले काका मूळ वैभववाडीकडचे, पण हयात कोल्हापुरात गेलेली, महिन्यातनं दोनदा गावाकडं जाणार. म्हणाले, "पोरा, जाताना काय न्हाई. येताना करूळ घाट चढायला लागलं की झटके मारत्या आणि बंद पडत्या. धा मिनिटं थांबलो की परत चालू." वर आणि चढाला दुसरा गिअर आपोआप सुटतो ही वेगळी तक्रार. आधी दोन ठिकाणी काम झालेलं, क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते मोजणारा) दोनदा नवीन, डिझेल फिल्टर नवीन, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ, आणि गिअरबॉक्स खोलायला लागेल म्हणून चाळीस हजाराचा अंदाज हातात दिलेला. काकांचं तोंड बघवत नव्हतं.

स्कॅनर लावला, फॉल्टचा कोड आला पी ०३३५. म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचं सर्किट. आता इथं नीट लक्ष द्या, कारण सगळे इथंच फसतात. कोड "सर्किट" म्हणतोय, सेन्सर खराब आहे असं तो कुठंच म्हणत नाही. सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याचा सॉकेट आला, तिथून ईसीएमपर्यंतची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंतची, वायर आली आणि अर्थिंग पण आलं. आणि कोड पुसायच्या आधी फ्रीज फ्रेम उघडून वहीत लिहा, फोटो काढला तरी चालेल. फॉल्ट लागला त्या क्षणी आरपीएम किती, स्पीड किती, लोड किती, पाण्याचं टेंपरेचर किती, हे सगळं तिथं साठवलेलं असतं आणि कोड पुसला की त्याच्याबरोबर तेही जातं. या गाडीत लोड ९० टक्क्यांच्या वर होता आणि टेंपरेचर एकदम नॉर्मल.

पण गाडी माझ्या दारात बंद पडत नव्हती. अर्धा तास आयडलिंगला ठेवली, रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या, काही नाही. मग जोतिबाच्या चढाला घेऊन गेलो, काकांनाच गाडी चालवायला बसवलं आणि मी शेजारी स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावून. वळणावर दुसऱ्या गिअरला त्यांनी दाबली आणि झटका बसला, स्क्रीनवर आरपीएम २,६०० वरनं सरळ शून्य, परत २,५००, परत शून्य, आणि गाडी बंद. काका हँडब्रेक लावून सवयीनं दहा मिनिटं थांबायच्या तयारीला लागले, मी म्हटलं थांबू नका, आत्ता चावी मारा. मारली, लगेच चालू झाली.

माझ्यासाठी सगळा उलगडा इथं झाला. गरम झाल्यावर सेन्सर जातो आणि थंड झाला की परत येतो, हे सगळ्यांना माहिती असतं, म्हणून "दहा मिनिटं" ऐकून आधीच्या दोघांनी सेन्सर बदलला. पण दहा मिनिटं थांबायलाच लागतं का, हे काकांना कुणी विचारलं नव्हतं. लगेच चालू होते म्हणजे उष्णतेचा संबंध नाही, लोडचा आहे. आणि लोडवर इंजिनमध्ये काय हलतं? अख्खं इंजिनच हलतं.

गॅरेजवर आल्यावर बोनेट उघडलं, चाकांना चारी बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक, एकानं ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरला क्लच जरासा सोडायचा आणि मग रिव्हर्सला तेच. गाडीच्या पुढं किंवा मागं कुणीही उभं राहायचं नाही, बाजूनंच बघायचं, ही गोष्ट मी पोरांना दर वेळी सांगतो. इंजिन थोडं कलतं ते चालतं, इथं मात्र हातभर उडाल्यासारखं मागं गेलं. खालचं फाउंडेशन, म्हणजे माउंटिंगचं रबर, पूर्ण तुटलेलं, वरून बघितलं तर दिसतच नाही. इंजिन मागं कललं की गिअरबॉक्सच्या बाजूनं जाणारं वायरिंग ताणलं जायचं. टेप सोडवली तर ब्रॅकेटच्या कडेवर घासून एका वायरचं कोटिंग गेलेलं आणि आतल्या तांब्यावर हिरवा थर, चार-पाच तारांवर कसाबसा संपर्क टिकलेला. इंजिन आयडलिंगला ठेवून तेवढा भाग बोटानं हलवला तर इंजिन बंद.

आणि गिअर? गिअरच्या केबली पण त्याच इंजिनबरोबर ओढल्या जात होत्या, म्हणून दुसरा सुटायचा. गिअरबॉक्स खोलायची गरजच नव्हती. फाउंडेशन बदललं, वायर सोल्डर करून स्लीव्ह घातली, ब्रॅकेटपासून लांब बांधली. परत त्याच चढाला तीन फेऱ्या मारल्या, मगच काकांना चावी दिली.

तेव्हापासून मी इंजिनची तक्रार आणि गिअरची तक्रार वेगळी लिहीत नाही. जुन्या गाडीत दोन दुखणी एकाच वेळी सुरू झाली असतील तर आधी दोन्हीचं कारण एक असू शकतं का ते बघायचं.

दुसरं उदाहरण क्लचचं. एक भाड्यानं फिरणारी गाडी, तीस हजार किलोमीटरात दोन क्लच प्लेटा. सगळे ड्रायव्हरला शिव्या देत होते की क्लचवर पाय ठेवून चालवतोस. खोलली तर प्लेट तेलानं ओली. अशा वेळी आधी वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि तो आला तर इनपुट शाफ्टचं सील बघायचं. इथं इंजिन ऑइल होतं, म्हणजे क्रँकचं मागचं सील, आणि ते तर मागच्याच वेळी नवीन घातलेलं! मग नवीन सील का गळावं? इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं तर आतनं दाबानं धूर आणि तेलाचे शिंतोडे. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनच्या आतला गॅस बाहेर काढणारा, पाइप आतनं घट्ट काळ्या गाळानं जवळजवळ बंद झालेला. आतल्या गॅसला बाहेर पडायला वाट नाही, मग ती सीलमधनं वाट काढणार, सील नवीन असो की जुनं. पाइप साफ केला, प्रेशर उतरलं, सील आणि प्लेट बदलली. ब्रीदर मोकळा करूनही प्रेशर तसंच राहिलं असतं तर मग पिस्टनच्या रिंगांकडं बघावं लागलं असतं. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेशन टेस्ट घ्यायची, कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत घ्यायची, आकडा वर गेला तर रिंग-बोअर, नाही गेला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. डिझेलमध्ये हे ऑइल सोडायचं काम करू नका, वरची जागा इतकी कमी असते की रॉड वाकू शकतो.

क्लचचा आवाज ओळखायची एक साधी पद्धत आहे. पेडल दाबल्यावर आवाज येतो तर बहुतेक वेळा रिलीज बेअरिंग, आणि न्यूट्रलला पेडल सोडलेलं असताना येतो आणि दाबल्यावर थांबतो तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. प्लेट सरकते का बघायचं तर मोकळ्या रस्त्याला चाळीसच्या स्पीडला चौथा टाकून पूर्ण दाबा, आरपीएम चढला आणि स्पीड चढला नाही तर घसरते.

एकदम सात-आठ कोड आले तर घाबरू नका, आधी बॅटरी. बंद गाडीत १२.६ च्या आसपास, चालू झाल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारायला सांगा, आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची पट्टी गंजलीय. आपल्याकडं पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे फार बघितलंय, वरनं बोल्ट चकचकीत आणि खाली पूर्ण गंज.

मीटर स्वतःचा घ्या, पहिल्या पगारातनं घेतला तरी चालेल. आणि एक वही. माझ्या वहीत प्रत्येक गाडीला पहिल्या ओळीत गिऱ्हाईक बोललं ते शब्दाला शब्द लिहिलेलं असतं, काकांच्या पानावर "येताना, चढाला, दुसरा गिअर" एवढंच आहे. एका वेळी एकच पार्ट बदलायचा, बदलला की ट्रायल, ट्रायलचा निकाल त्याच पानावर. तीन पार्ट एकदम बदलले आणि गाडी बरी झाली तर कशानं झाली ते तुम्हाला कळणार नाही, आणि दोन पार्टचे पैसे कुणाच्या तरी खिशातनं फुकट गेलेले असतात.