मणक्यात इंजेक्शन घ्यायला येताना

मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. मणक्यांमधली गादी सरकलेले पेशंट टेबलावर चढता चढता विचारतात, "सिस्टर, कंबर कायमची बरी होईल ना?" हे डॉक्टरांना आधीच विचारायला हवं. सरकलेल्या गादीमुळे नस दबते, सुजते आणि कुल्ल्यापासून पावलापर्यंत कळ जाते. या इंजेक्शनमधलं स्टेरॉइड ती सूज उतरवतं, गादी जागेवर बसवत नाही. म्हणून पायातल्या कळेला गुण येतो, नुसत्या कंबरदुखीला फारसा नाही. बऱ्याच जणांची बाहेर आलेली गादी काही महिन्यांत आपोआप आक्रसते. तोवर चालता यावं, झोप लागावी, व्यायाम सुरू व्हावा, एवढ्यासाठी हे इंजेक्शन.

तारीख ठरवतानाच चालू गोळ्यांची पाकिटं दाखवा. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर मणक्यात रक्त साकळून नस दाबली जाण्याचा धोका असतो. पण स्टेंट बसवलेल्या माणसाने ती मनाने बंद करणं त्याहून वाईट. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा. डायबेटिस असेल तर नंतर काही दिवस शुगर चढते, घरी रोज तपासा. ताप, कुठे पू झालेला, गरोदरपण, डायची (एक्स-रेत दिसणाऱ्या औषधाची) ॲलर्जी, काहीही लपवू नका.

टेबलावर पालथं झोपवतात, पोटाखाली उशी देतात. बीटाडीन गार लागतं, भुलीची सुई चरचरते. मग सी-आर्मवर, म्हणजे एक्स-रे मशीनच्या पडद्यावर, बघत सुई आत जाते, डाय सोडून जागा बरोबर आहे ना ते पाहतात. औषध जाताना पायात नेहमीची कळ उतरली तर तोंडाने सांगा, अंग हलवू नका.

नंतर काही तास पाय जड, बधिर वाटतो. स्कूटर चालवत घरी जायचं नाही, सोबत माणूस हवाच. भूल उतरली की दुखणं परत येतं आणि लोक रात्री घाबरून फोन करतात. स्टेरॉइडचा गुण यायला दोन-तीन दिवस, कधी आठवडाही लागतो.

मात्र लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेना, ताप आला किंवा उठून बसल्यावर डोकं फुटायला लागलं, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

आणि कोणतं औषध, किती, कुठल्या मणक्यात दिलं हे कागदावर लिहून घ्या. वर्षात ही इंजेक्शनं मोजकीच देतात, पुढच्या डॉक्टरांना तो कागद लागतो.