डॉसन सिटीचं मॉडेल करायचंय?

सदाशिव पेठेतल्या माझ्या हस्तकलेच्या वर्गात मी मुलांना आधी नदी रंगवायला लावते, घरं नंतर. डॉसन सिटी हे कॅनडातलं, सोन्यामुळे वसलेलं गाव. क्लोंडाइक नदी युकॉन नदीला मिळते, तिथली सपाट, दलदलीची जागा दाखवा. ऑगस्ट 1896 मध्ये जवळच्या ओढ्यात सोनं सापडलं. जोसेफ लाड्यू या व्यापाऱ्याने लगेच इथे हे गाव आखलं, लाकूड कापायची गिरणीही आणली.

पहिली रांग तंबूंची. त्याला मांजरपाटाचे तुकडे पुरतात. मग ओंडक्यांच्या खोल्या. अप्पा बळवंत चौकातून गोल काड्या आणा, टोकांना खाचा पाडा आणि एकमेकींत अडकवा. नुसत्या फेविकॉलने चिकटवू नका, कोपऱ्यात खाच दिसलीच पाहिजे! फटींत काथ्या कुसकरून भरा. तिथले लोक शेवाळ भरायचे. छपरावर माती.

1898 पर्यंत हजारोंची गर्दी झाली. त्या काळच्या दुकानांना पुढे उंच चौकोनी दर्शनी भिंत द्या, मागे साधं उतरतं छप्पर. रस्ता चिखलाचा, कडेला फळ्यांचा पदपथ. आणि एक-दोन घरं मुद्दाम कलती ठेवा, कारण घराच्या उबेने खालची गोठलेली जमीन वितळते आणि पाया खचतो.