मुरुमाचे पट्टे असलेल्या सायकल रेसची तयारी: आधी टायरमधली हवा ठरवा

रेसमध्ये ६० किलोमीटर डांबर आणि ५-६ किलोमीटर कच्चा रस्ता असेल तर सगळे जण तयारी त्या ६० ची करतात आणि रेस हातातून जाते ती त्या ५ मध्ये. आमच्या पुण्याकडच्या लोकल रेसचंच सांगतो, कधी कॅनॉलच्या कडेचा मुरुमाचा रस्ता असतो, कधी नुसती खडी अंथरून ठेवलेला. ६५-६६ किलोमीटर दमात काढायचा सराव तुमचा झालेला आहे असं धरतो, त्यावर इथे काही लिहीत नाही.

रूट कळला की आधी स्वतः जाऊन तो चालवून बघा. नकाशात कच्चा रस्ता म्हणजे एक रेघ, पण मुरूम, खडी आणि फुफाटा ही तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत. दबलेला मुरूम जवळजवळ डांबरासारखा पळतो, फक्त वळणावर वर सुटे खडे असतात तिथे जपायचं. सुटी खडी टायर कापते. फुफाट्यात पुढचं चाक रुततं. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांपैकी कुठली स्वच्छ आहे आणि पट्ट्याच्या तोंडाशी वळण आहे का, एवढं डोक्यात पक्कं बसवा. पावसाळा संपल्यावर कडेला सराटे वाळून पडलेले असतात, त्यामुळे अगदी कडेनं जायचं नाही.

टायर कमीत कमी २८ चा (म्हणजे २८ मिलिमीटर रुंदीचा). फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना ४-४ मिलिमीटर मोकळी जागा राहत असेल तर ३० किंवा ३२. २५ चा टायर डांबरासाठी ठेवा.

आता हवा. इथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात.

पहिला सल्ला हमखास ऐकाल, "१०० भर, पंक्चर होत नाही". मी भरली होती. २५ चे टायर, १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), आणि कॅनॉलचा ३ किलोमीटरचा पट्टा. कडक टायर खड्याला पोटात घेत नाही, प्रत्येक खड्यावर अख्खी सायकल वर उडते, मागचं चाक हवेत असलं की पायाचा जोर फुकट जातो. निम्म्या पट्ट्यात माझी बोटं ब्रेकच्या लिव्हरवर मिटेनात, पिंजऱ्यातली बाटली उडाली, आणि समोरचा ग्रुप धुळीत दिसेनासा झाला.

पुढच्या वर्षी दुसरा सल्ला ऐकला, व्हिडिओत बघून हवा कमी करा. इटलीतली स्ट्राडे बियांके ही सायकल रेस बघून, ती २००७ पासून टस्कनीच्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर होते, लोक तिथले आकडे उचलतात. पण तिथल्या रेसरचे टायर रुंद, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले), आणि मागे टीमच्या गाडीत जादा चाकं. मी त्याच २५ च्या ट्यूबवाल्या टायरात ६० भरली. पहिल्याच खडीच्या पट्ट्यात ठक्क असा आवाज आला, रिम दगडाला लागली, आणि शंभर मीटरात चाक बसलं. घरी ट्यूब बादलीत बुडवली तर बुडबुड्यांच्या दोन माळा शेजारी शेजारी, मध्ये बोटभर अंतर. दगड आणि रिमच्या दोन कडा यांच्यात ट्यूब चिमटली की अशी जोडभोकं पडतात, म्हणून त्याला स्नेक बाइट म्हणतात. काट्याचं भोक एकच असतं. म्हणून पंक्चर काढताना भोक नीट बघाच, दोन दिसली तर हवा कमी होती.

तेव्हापासून मी दुसऱ्याचा आकडा घेत नाही, स्वतःचा काढतो. रेसचेच टायर, भरलेल्या बाटल्या आणि सामान लावून रूटवरच्यासारखा २ किलोमीटरचा पट्टा शोधा. ८० पासून सुरू करा (रिम हुकलेस, म्हणजे टायर धरायला आतून वळलेली कड नसलेली, असेल तर ७२ च्या वर जायचंच नाही), सारख्याच जोरानं जाऊन-येऊन करा, वेळ लिहा, मग ५ पीएसआय कमी करून परत. एका टप्प्यावर हातातली थरथर एकदम उतरते, मागचं चाक जमीन धरतं आणि त्याच मेहनतीत वेळ कमी येतो. तिथून आणखी खाली जाऊन बघा, रिम एकदा जरी लागली की ५ पीएसआय वाढवा, तो तुमचा आकडा. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा ३-४ कमी. माझं वजन ६८ किलो, २८ च्या टायरात ट्यूब, माझा आकडा पुढे ६२ आणि मागे ६६ निघाला. हा कॉपी करू नका, ८५ किलोच्या माणसाची यात पहिल्याच दगडाला रिम लागेल.

आणि पंप एकच वापरा. दोन पंपांचे काटे ५-७ पीएसआयचा फरक सहज दाखवतात, म्हणून तुमचा आकडा हा तुमच्या पंपावरचा आकडा आहे. रेसच्या दिवशी तोच पंप सोबत न्या, हवा पहाटे स्टार्टजवळ भरा. रात्री घरात भरलेली हवा सकाळच्या थंडीत उतरते, १० अंशाला साधारण ३ पीएसआय. अंगठ्यानं टायर दाबून "बरोबर आहे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, ६० आणि ८० मधला फरक अंगठ्याला कळत नाही.

ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत वाळतं, रेसच्या आठवड्यात बघून घ्या.

बाकीचं पटापट. चेनला ड्राय ल्यूब (कोरडं वंगण), तेलकट ल्यूबवर धूळ बसून काळा चिखल होतो. बाटलीच्या पिंजऱ्याला जुन्या ट्यूबचा तुकडा रबरबँडसारखा चढवा, बाटली उडत नाही. सोबत दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप, आणि फाटलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. खाणं पट्ट्याच्या आधी, खजूर नाहीतर चिक्की, खडीवर हात सोडता येत नाही.

पट्टा यायच्या ५०० मीटर आधीच ग्रुपच्या पुढच्या आठ-दहा जणांत या, मागे राहिलात तर दुसरा पडला की तुम्हीही अडकणार. ब्रेक डांबरावर मारून घ्या, आत गेल्यावर फक्त हलका मागचा. एक गिअर जड ठेवा, वजन थोडं मागे, कोपर सैल, हॅन्डल नुसतं धरून ठेवायचं आवळायचं नाही, नजर १०-१५ मीटर पुढे. चाकोरी बदलायचीच असेल तर मधली सुटी खडी संपेल तिथे बदला. आणि पट्टा संपून डांबर लागलं की पहिला मिनिटभर सगळे श्वास घ्यायला ढिले पडतात, पायात काही शिल्लक असेल तर तिथेच जोर लावा.