परसातला स्विमिंग पूल: ठेका देण्याआधी या चुका टाळा

कोकणात पूल बांधायला निघालेला माणूस ठेकेदारासोबतचा पहिला अर्धा तास निळ्या टाइलच्या छटा निवडण्यात घालवतो. तेवढ्या वेळात शेजारच्या विहिरीत डोकावून "श्रावणात पाणी कुठवर चढतं?" एवढं विचारलं असतं तर पुढचे निम्मे तंटे झालेच नसते.

भर पावसात पूल उपसणं

सगळ्यात महागडी चूक हीच, आणि तिचा क्रमही ठरलेला. जुलैत पाणी हिरवं पडतं. गणपतीला मुंबईची मंडळी येणार म्हणून ठेकेदाराला फोन जातो. तो म्हणतो, "काळजी नको साहेब, पंप लावतो, एका दिवसात घासून देतो." दुपारपर्यंत पूल कोरडा. रात्रभर पाऊस. सकाळी कडेचे दगड चार बोटं उचललेले, स्किमरचा (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाचा) पाइप सांध्यात तुटलेला आणि खोल बाजूच्या टाइलखाली काठी आपटली की पोकळ आवाज. पूल तरंगला.

यात चमत्कार काही नाही. आतून ८ मीटर बाय ४, सरासरी १.३५ मीटर खोल आणि २०० मिमी जाडीच्या काँक्रीटचा पूल धरा. रिकाम्या कवचाचं वजन साधारण ३५ टन. भूजल जमिनीच्या पातळीला आलं तर खालून रेटा ५७ टन. पाणी जमिनीखाली दोन फुटांवर असतानाच बरोबरी होते. आत भरलेलं ४३,००० लिटर पाणी हेच त्या पुलाचं वजन, आणि नेमकं तेच काढून टाकलेलं असतं.

"इथं जांभा आहे, पाणी जिरतं" हे उत्तर ऐकून घेऊ नका. जांभा पाणी आत घेतो तसं बाहेरही सोडतो, आणि खाली शेडी, म्हणजे जांभ्याखालची चिकणमाती, लागली की ते तिथंच तुंबतं. म्हणून तळाच्या काँक्रीटखाली २०० मिमी खडी, खडीत भोकांचा पीव्हीसी पाइप, त्याचं तोंड उताराने बाहेर किंवा कडेच्या खड्ड्यात. तळाच्या ड्रेनच्या चेंबरमध्ये हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह, म्हणजे भूजलाचा दाब वाढला की ते पुलात येऊ देणारी झडप. शिवाय पुलाच्या कडेला तळापर्यंत सहा इंची पाइप उभा गाडून ठेवा. दोरीला दगड बांधून आत सोडला की भूजल किती वर आहे ते दिसतं. हे सगळं बांधतानाच होतं, नंतर नाही. टाइलच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे, पण डोळ्यांना दिसत नाही म्हणून अंदाजपत्रकातून पहिला तोच गळतो.

हिरव्या पाण्यासाठी पूल रिकामा करावा लागत नाही. पीएच ७.२ ते ७.६ वर आणा, संध्याकाळी क्लोरीनचा जादा डोस द्या, भिंती ब्रशने घासा, फिल्टर अखंड चालवा, मध्ये बॅकवॉश घ्या (पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा). तीन-चार दिवस लागतात. ज्यांना एका दिवसात हवं असतं, तेच पूल तरंगवतात.

खाडीची रेती आणि चिऱ्याची भिंत

दोन्ही बचती सारख्याच फसव्या. खाडीच्या रेतीत मीठ असतं. ते सळईला गंजवतं, गंज फुगतो आणि टाइल आतून ढकलली जाते. तोवर ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) किंवा नदीची धुतलेली वाळू घ्या आणि ट्रक रिकामा होतानाच चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. खारट लागली तर ट्रक परत. खारट नाही लागली म्हणून मीठ नाहीच असं होत नाही, शंका असेल तर प्रयोगशाळेत क्लोराइड तपासून घ्या. किनाऱ्यावर काँक्रीट निदान एम-३० ताकदीचं आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. सळईखाली खडीचे तुकडे टेकवून काम उरकणाऱ्याला तिथंच थांबवा. काँक्रीटचे कव्हर-ब्लॉक लागतात.

चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला दगड, घराला उत्तम, पण त्याच्या अंगभर भोकं. चिऱ्याच्या भिंतीला आतून गिलावा मारला की पूल झाला, असं समजणारे अजून भेटतात. एक तडा गेला की पाणी भिंतीतून वाट काढतं आणि गळती कुठं ते कळतच नाही. भिंत आरसीसीची, आणि तळ-भिंतीच्या सांध्यात वॉटरस्टॉप पट्टी.

बाकीच्या, थोडक्यात

पाइप काँक्रीटमध्ये गाडण्याआधी प्रेशर लावून तपासा आणि काँक्रीट ओततानाही प्रेशर सोडू नका.

टाइल लावण्याआधी आणि बाहेरून माती भरण्याआधी पूल भरून आठवडाभर ठेवा. पायरीवर भरलेली बादली ठेवा. पूल बादलीपेक्षा जास्त उतरला तर गळती.

पाण्यातला दिवा १२ व्होल्टचाच, लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. इथं घासाघीस नाही.

विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन टाकताच ते चहासारखं लाल होतं. आधी बादलीत करून बघा.

खोदकाम दिवाळीनंतर लगेच. फेब्रुवारीत सुरू केलं की शिमग्याला गडी गावी जातात, मे महिना घाईत जातो आणि जूनमध्ये खड्ड्याचं तळं होतं.

समुद्रालगतच्या जागेत आधी सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याचा, नकाशा पाहा. "सगळे बांधतात" ही परवानगी नव्हे.

पैसे टप्प्याने द्या: खोदकाम, तळ, भिंती, पाण्याची चाचणी, टाइल. निम्मी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवा, आणि हे पहिल्याच कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.