टाटाची जुनी ७०९ नाहीतर ११०९ घेतली असेल तर आधी हे बघा

जुना ट्रक घेतला की लोक आधी रंग मारतात, मागे देवाचं नाव लिहितात आणि डायरेक्ट लोड भरायला काढतात. रंग नंतर मारा हो, आधी गाडीखाली झोपा.

त्याच्याही आधी नंबर समजून घ्या. टाटाची ७०९ म्हणजे साधारण ७ टन एकूण वजन आणि ९० च्या आसपास हॉर्सपॉवर, ११०९ म्हणजे ११ टन आणि ताकद तेवढीच, आयशर १०.९० चं गणितही तेच. म्हणजे भरलेली ११०९ घाटात रांगत चढते ते दुखणं नाही, उगाच डिझेल पंप खोलायला देऊ नका. इंजिनचं ४९७ म्हणजे ४ सिलेंडर, ९७ मिमी बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) आणि ६९७ म्हणजे ६ सिलेंडर, बोअर तोच. पण जुन्या गाडीत इंजिन बदललेलं असू शकतं, म्हणून पार्ट आणायच्या आधी इंजिनवरची प्लेट वाचा, नंबर आरसी बुकाशी जुळवा, आणि सिलेंडर आधी घासून मोठे केले असतील तर ओव्हरसाइज किती ते विचारून ठेवा, नाहीतर पिस्टन घेऊन दोन हेलपाटे नक्की.

माल किती भरायचा तेही आरसीवरच आहे, एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. बॉडी जड बांधली असेल, वर फाळका वाढवला असेल तर तेवढा माल कमी, चेसी काही त्याने मोठी होत नाही. मागून चेसी जोडून लांब केलीय का तेही वेल्डिंगच्या खुणा बघून तपासा.

आता माझा वेडेपणा सांगतो. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या ड्रममधून ऑइल यायचं, ब्रेकचे लायनर भिजले की ब्रेक एका बाजूला ओढायचा. गॅरेजवाल्याने सील बदललं, पंधरा दिवसांत परत ऑइल, परत सील, परत मजुरी. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मागच्या एक्सलच्या हाउसिंगवरचा बोटाएवढा ब्रीदर, म्हणजे हवा जायची नळी, काढून दाखवला, आत चिखल गच्च भरलेला, फुंकर मारली तरी हवा जाईना. हाउसिंग तापलं की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट नाही, मग ती ऑइलला सीलमधून ढकलते. ब्रीदर डिझेलने धुतला, तेव्हापासून तेच सील चालू आहे. आता तो मी ग्रीसिंगच्या दिवशी हाताने फिरवून बघतोच.

ग्रीसिंगचं म्हणाल तर किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन), पाट्यांचे पिन-बुश, शॅकल (पाट्याचं टोक चेसीला धरणारी कडी), प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, ग्रीस भरायचं एकही निपल सोडायचं नाही. गनने ग्रीस जात नाही म्हणून पोरं वरवर पुसून मोकळी होतात, तसं नाही चालत, निपल बंद असेल तर बदला, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. किंगपिनला ग्रीस मारताना एक्सल जॅकवर उचला, खाली नीट टेका द्या, चाक मोकळं लटकलं की ग्रीस दाब असलेल्या बाजूलाही पोचतं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत मारायचं.

एअर ब्रेकची गाडी असेल तर हवेच्या टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी सोडा. नुसतं पाणी आलं तर ठीक, काळपट ऑइल यायला लागलं तर कंप्रेसरच्या रिंगा गेल्या समजा. गळती बघायला प्रेशर पूर्ण भरा, चाकांना ओट (दगड नाहीतर ठोकळा) लावा, इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा आणि प्रेशरचा काटा बघा, काटा खाली सरकत राहिला तर कुठेतरी गळती आहे, साबणाचं पाणी लावून शोधा. जुन्या व्हॅक्यूमवाल्या गाडीत इंजिन बंद झालं की पेडल दगडासारखं कडक होतं, म्हणून कसारा घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

डिझेल संपून पाइपात हवा शिरली आणि गाडी बंद पडली तर सेल्फ मारत बसू नका, बॅटरी बसेल. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा, हात पंप मारत राहा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळा. तरी नाही उठली तर नोजलच्या पाइपांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा आणि तिथली एअर काढा, पण चेहरा लांब ठेवा.

चाक काढून बसवलं असेल तर ५०-१०० किमीवर नट परत आवळा. आणि चहाला थांबलात की आधी गाडीभोवती एक फेरी मारा, जोडचाकात दगड अडकलाय का बघा, आणि प्रत्येक चाकाच्या हबजवळ (मधल्या भागाजवळ) हाताची उलटी बाजू न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक चिकटतोय नाहीतर बेअरिंग गेलंय, मग चहा पिऊन पुढे निघू नका, तिथेच चाक उचला.