सॉफ्टवेअर बसत नसेल तर: हात घालण्याआधीची तयारी

इन्स्टॉल करताना अर्ध्यावर एरर आली की पहिली खुमखुमी येते ती जुनी आवृत्ती उडवून नव्याने सुरुवात करण्याची. थांबा. जुनं चालतंय ना? मग तूर्त ते चालू राहू दे. गेल्या खेपेला मी चांगलं चालणारं जुनं काढलं, नवं काही बसलं नाही, आणि जुन्याची सेटअप फाइल शोधायला गेलो तर कंपनीने ती साइटवरून केव्हाच काढलेली. म्हणून ही यादी. घरचा कम्प्युटर आणि विंडोज १० किंवा ११ धरून लिहितोय.

तर आधी जुन्याची सेटअप फाइल. डाउनलोड्समध्ये, जुन्या पेन ड्राइव्हवर, खरेदीच्या ईमेलमधल्या लिंकवर, जिथे असेल तिथून काढा आणि दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. सापडली म्हणून लगेच खूश होऊ नका, तिचा आकार बघा. शेकडो एमबीच्या सॉफ्टवेअरची सेटअप फाइल दोन-तीन एमबीची असेल तर ती नुसती डाउनलोडर आहे. चालवली की बहुतेक वेळा नेटवरून ताजी आवृत्तीच आणणार, म्हणजे जी बसत नाहीये तीच. हवी ती पूर्ण, ऑफलाइन सेटअप. सोबत लायसन्स की आणि ‘अबाउट’मध्ये दिसणारा नेमका आवृत्ती क्रमांक लिहून ठेवा. लायसन्स ठरावीक कम्प्युटरपुरतंच असेल तर काढण्याआधी आतून डीअ‍ॅक्टिव्हेट करायचं असतं. ते राहिलं की तुमचाच कम्प्युटर दुसरा म्हणून मोजला जाऊ शकतो, मग कस्टमर केअरशी हुज्जत. सेटिंग्ज, टेम्प्लेट्स वगैरे बऱ्याचदा अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, त्यांचीही कॉपी.

चार्जर, नेट, अ‍ॅडमिनचा पासवर्ड: आहेतच असं धरतो.

रिस्टार्ट करा. ‘केलंय की सकाळीच’ असं बरेच जण म्हणतात आणि त्यांनी केलेलं असतं शटडाउन. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवून पुढच्या वेळी तीच उचलली जाते. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. अर्धवट राहिलेले अपडेट अडकून बसले असतील तर बऱ्याचदा इथेच सुटतात.

जागा सी ड्राइव्हवर बघा. सॉफ्टवेअर डीवर टाकणार असलात तरी सेटअप आपलं सामान सहसा आधी सीवरच्या टेम्पमध्ये, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये, उलगडतो. जागा करायला टेम्प खुशाल रिकामं करा, पण विंडोज फोल्डरच्या आतलं ‘इन्स्टॉलर’ हे लपवलेलं फोल्डर कितीही फुगलेलं दिसलं तरी त्याला हात लावू नका. बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या मूळ फाइल तिथे जपलेल्या असतात. त्या गेल्या की ते सॉफ्टवेअर धड अपडेट होत नाही, धड निघत नाही, आणि १६१२ नंबरची एरर ‘मूळ सेटअप दाखवा’ म्हणत बसते. मूळ सेटअप म्हणजे काय हे आता वेगळं सांगायला नको.

एररचा मजकूर अक्षरशः टिपून घ्या. ‘काहीतरी फेल्ड म्हणाला’ यावरून कोणी मदत करू शकत नाही. साध्या एरर-खिडकीवर कंट्रोल-सी दाबलं की सगळा मजकूर कॉपी होतो, फोटो काढायचीही गरज नाही. नंबर बोलके असतात. १६१८ म्हणजे मागे दुसरं काही इन्स्टॉल होतंय, वाट बघा. १६३८ म्हणजे याच सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती आधीच आहे. जुनं काढायला सबळ कारण देणारा हा नंबर, तेही सेटअप फाइल हाताशी असेल तरच. लांबलचक कोडचा शेवट बघायचा: ८००७०००५ म्हणजे परवानगी नाही, ८००७००७० म्हणजे डिस्क भरली. ८००७०६४३ मधलं ६४३ हे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पद्धतीत मोजलेलं आहे, दशमान पद्धतीत १६०३.

आणि १६०३ म्हणजे? काहीही. इन्स्टॉलर फक्त ‘गंभीर चूक झाली’ एवढं म्हणतो. कारण लॉगमध्ये, म्हणजे इन्स्टॉल होताना लिहिल्या जाणाऱ्या नोंदींच्या फाइलमध्ये असतं. सेटअप एमएसआय प्रकारचा (फाइलच्या नावाच्या शेवटी एमएसआय) असेल तर विंडोजला तपशीलवार लॉग लिहायला सांगता येतं, इतर सेटअप बरेचदा आपला लॉग टेम्पमध्ये टाकतात. लॉग हजारो ओळींचा असतो, तो वरून वाचू नका. त्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द इंग्रजीत शोधा आणि त्याच्या लगेच वरच्या ओळी वाचा, खरा गुन्हेगार बहुधा तिथेच असतो. ज्या फोल्डरमध्ये टाकताय तिथे ‘सिस्टिम’ या विंडोजच्या स्वतःच्या खात्याला पूर्ण अधिकार नाहीत, हे १६०३चं एक नेहमीचं कारण. सेटअपवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ केलं तरी ते सुटत नाही, कारण ते खातंच वेगळं.

सेटअप फाइल अर्धवट उतरली असेल तर पुन्हा उतरवा. प्रोसेसर एआरएम आहे की इंटेल-एएमडी, विंडोज ३२ बिट की ६४, हे विंडोजच्या सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये दिसतं, सेटअप त्याला चालणारा हवा. आणखी एक, हे सहसा कोणी सांगत नाही: युजर फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर काही जुने सेटअप तिथेच कोलमडतात. टेम्पचा रस्ता त्याच फोल्डरमधून जातो आणि ती अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. खात्याचं नाव बदलून उपयोग नाही, फोल्डरचं नाव तेच राहतं. रोमन अक्षरांत नवं खातं उघडून तिथून प्रयत्न करा.

रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजला मागच्या स्थितीत परत नेता येईल अशी खूण, करून ठेवा. त्यासाठी लागणारं सिस्टिम प्रोटेक्शन बऱ्याच कम्प्युटरवर मुळात बंदच असतं, आधी ते चालू आहे का बघा. मात्र रिस्टोअर पॉइंट आहे म्हणून सेटअप फाइलची गरज संपली असं समजू नका. रिस्टोअर कधी जमतं, कधी अर्ध्यावर माघार घेतं. सेटअप फाइल ती सेटअप फाइल.

आता काढायचं तर काढा. सापडली ना फाइल? पूर्ण आहे ना, डाउनलोडर नाही ना? लायसन्स की लिहिली? डीअ‍ॅक्टिव्हेट केलं? मग सेटिंग्जमधून रीतसर अनइन्स्टॉल. प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डर नुसतं डिलीट करणं म्हणजे काढणं नव्हे. निघतच नसेल तर मायक्रोसॉफ्टचं इन्स्टॉल-अनइन्स्टॉलचं मोफत ट्रबलशूटर आहे. विंडोजच्या अंतर्गत नोंदी ‘साफ’ करणाऱ्या रजिस्ट्री क्लीनर नावाच्या गोष्टी नकोत. सेफ मोडमध्ये जाऊन झटापट करू नका, विंडोज इन्स्टॉलरची सेवा तिथे सहसा चालूच नसते.

बाकी भराभर. ‘व्हीसीरनटाइम१४०’ ही डीएलएल (सॉफ्टवेअरला लागणारी सामायिक फाइल) नाही म्हणाला तर व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रीडिस्ट्रिब्युटेबल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून, ६४ बिट विंडोजवर ३२ आणि ६४ बिट अशा दोन्ही प्रकारचं. ती डीएलएल भलत्याच साइटवरून सुटी उतरवू नका. डॉट नेट ३.५ मागितलं तर विंडोज फीचर्समध्ये खूण करा. विंडोजच्याच फाइल बिघडल्याचा संशय असेल तर विंडोजचीच दुरुस्तीची साधनं चालवा, आधी डिझम, मग एसएफसी. अँटिव्हायरस बंद करायचाच झाला तर शेवटी, फाइल खात्रीच्या जागची असेल तरच, तेवढ्यापुरता. बसलं की तो लगेच चालू करा.