उजळाईवाडीवरून (कोल्हापूरच्या विमानतळावरून) उडायचंय पण पोटात गोळा येतोय, त्यांच्यासाठी

आमच्या शिरोली एमआयडीसीत विमानाला घाबरणारी माणसं लई आहेत आणि उंची हे त्याचं कारण नाही. ज्यानं वर्षानुवर्षं भट्टीसमोर उभं राहून रिजेक्शनचा ढीग बघितलाय त्याला पक्कं माहीत असतं की माणसानं बनवलेल्या वस्तूत काय काय राहून जातं, ब्लोहोल (आत अडकलेल्या हवेची पोकळी), क्रॅक, वाळूचा कण, आणि मग तोच माणूस विमानात बसला की खिडकीतून इंजिनाकडं बघून म्हणतो, ह्याचा पीस कुणी पास केला असेल रे? मी स्वतः फाउंड्रीत कास्टिंगच्या (धातूच्या ओतकामाच्या) क्वालिटी तपासणीला आहे, त्यामुळं हा प्रश्न मला वेडेपणाचा वाटत नाही. उलट बरोबर प्रश्न आहे, फक्त त्याचं उत्तर शोधायची पद्धत पाहिजे.

आधी एक सांगतो, "रस्त्यापेक्षा विमान सेफ असतं" हे भित्र्या माणसाला सांगू नका. खरं आहे ते, पण रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं खंबाटकीचा घाट उतरताना तो निवांत घोरत असतो आणि विमानात घाम फुटतो, म्हणजे आकडा डोक्याला पटतो, पोटाला पटत नाही. त्यापेक्षा पहिलं काम हे करा की कागद घ्या आणि नेमकी कशाची भीती वाटते ते लिहा. बंद जागेची? उंचीची? हादऱ्यांची? की "नीट बनवलंय का" याची? बंद जागेत दम कोंडत असेल, तिकीट काढल्यापासून झोप उडत असेल तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडं जा, त्यावर चांगले उपचार आहेत आणि लाजायचं काही कारण नाही. दुसऱ्या कुणाच्या गोळ्या मात्र मागून घेऊ नका आणि "दोन पेग मारून बस" हा सल्ला तर अजिबात ऐकू नका.

ज्यांची भीती "नीट बनवलंय का" वाली आहे त्यांच्यासाठी खरा उपाय म्हणजे फॉल्ट झाल्यावर पुढं काय झालं ते वाचणं. अपघाताचे व्हिडिओ नाही, अपघाताचं कारण. दोन उदाहरणं देतो, फाउंड्रीवाल्याला लगेच कळतील अशी.

१९ जुलै १९८९, अमेरिकेतलं युनायटेड २३२, डीसी-१० विमान. शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क (पंख्याची पाती धरणारी चकती) हवेत फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक लाइनी, म्हणजे विमान वळवायला दाबाचं तेल नेणाऱ्या नळ्या, निकामी केल्या. पायलटांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी जास्त करत विमान सू सिटीपर्यंत आणलं, २९६ पैकी १८४ माणसं वाचली. नंतर ती डिस्क शेतात सापडली, तपासली, आणि मूळ निघालं कुठं तर १९७१ सालच्या मेल्टिंगमध्ये! धातू वितळवताना त्यात एक कडक कण राहिला होता, नायट्रोजननं दूषित झालेला, त्यांच्या भाषेत हार्ड अल्फा. त्या जागेवरून क्रॅक सुरू झाली, वर्षानुवर्षं वाढत गेली आणि इन्स्पेक्शनला दिसायला पाहिजे होती ती दिसली नाही. आता यात बघा, अठरा वर्षांनी ती डिस्क नेमकी कुठल्या मेल्टची हे शोधायला गेले तर एकाच नंबरच्या दोन डिस्क आणि एकमेकांशी न जुळणारे कागद निघाले. आपल्याकडं हीट नंबर (माल भट्टीच्या कुठल्या घाण्याचा ते सांगणारा नंबर) कशाला टाकायचा म्हणून कंटाळा करणाऱ्या पोरांना मी हीच गोष्ट सांगतो. असल्या डिस्कसाठी दोनदा व्हॅक्यूममध्ये वितळवायचं ते तीनदा करायची पद्धत आली, आणि अपघातानंतर इंजिनाच्या फिरत्या भागांची तपासणी आणखी कडक झाली.

दुसरं ताजं आहे. ५ जानेवारी २०२४, अलास्का एअरलाइन्सचं नवं कोरं ७३७ मॅक्स ९, उड्डाणानंतर काही मिनिटांत सुमारे १६ हजार फुटांवर भिंतीचा एक तुकडाच उडून गेला. डोअर प्लग म्हणतात त्याला, जिथं जादा दरवाजा लागत नाही तिथं बसवलेलं झाकण. तपासात निघालं की बोइंगच्या रेंटनच्या कारखान्यात जवळच्या खराब रिव्हेटा दुरुस्त करायला तो प्लग उघडला होता, परत बसवताना चार बोल्ट घातलेच नाहीत, आणि तो उघडल्याची नोंदही नव्हती. रिवर्क (दुरुस्तीचं काम) झालं पण रिवर्कचा कागद नाही! ज्याला ऑडिटचा अनुभव आहे त्याच्या अंगावर काटाच येईल. कुणी मेलं नाही. लगेच तशा डोअर प्लगची १७१ विमानं जमिनीवर उभी केली, एकेक तपासली, आणि अमेरिकेच्या एफएएनं (तिथल्या सरकारी विमान नियामकानं) ऑक्टोबर २०२५ पर्यंत ७३७ मॅक्सचं उत्पादन महिन्याला ३८ च्या वर जाऊ दिलं नाही. त्याआधी याच मॅक्सचे २०१८ आणि २०१९ ला दोन अपघात झाले, ३४६ माणसं गेली, कारण एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर एकाच सेन्सरच्या भरवशावर नाक खाली दाबत होतं. ते डिझाइनचं पाप होतं, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. जगभर विमान बंद ठेवलं, सॉफ्टवेअर दोन्ही सेन्सर बघेल असं बदललं, भारतात डीजीसीएनं (आपल्या सरकारी विमान नियामकानं) ऑगस्ट २०२१ ला परत परवानगी दिली.

म्हणजे बनवण्यात चुका होतात, होत राहणार. तुम्ही बघायचं ते एवढंच की चूक सापडल्यावर त्या जातीची सगळी विमानं थांबवून तपासणारी यंत्रणा आहे का, तर आहे. आणि एक फॉल्ट झाला तरी पुढचं काहीतरी धरून ठेवेल असं बनवतात. पंखाचंच घ्या, सर्व्हिसमध्ये जास्तीत जास्त जेवढा लोड येईल असं गृहीत धरतात त्याच्या दीडपट लोड पंखानं सोसायला लागतो. १९९५ ला बोइंग ७७७ चा पंख मुद्दाम वाकवत वाकवत मोडेपर्यंत नेला, तो १५४ टक्क्यांना तुटला. ढगात पंख हलताना दिसतो तेव्हा हे आठवा, तो हलायलाच बनवलाय. दोन इंजिनांचं विमान टेकऑफला एक इंजिन गेलं तरी वर चढू शकलं पाहिजे, हे दाखवल्याशिवाय त्याला सर्टिफिकेट मिळत नाही.

अहमदाबादचं कुणी ना कुणी काढणारच. १२ जून २०२५, एअर इंडियाचं ७८७, विमानातल्या २४२ पैकी एकच माणूस वाचला. प्राथमिक अहवालात एवढं आहे की टेकऑफनंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे फ्युएल स्विच साधारण एका सेकंदाच्या अंतरानं बंदच्या बाजूला गेले. का गेले ते त्यात सांगितलेलं नाही, पण व्हॉट्सॲपवर मात्र निकाल लागून मोकळा! प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात असले फॉरवर्ड उघडू नका, भाऊजींनी पाठवले तरी.

आता प्रत्यक्ष प्रवास. तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघा, तिथंच लिहिलेला असतो. कोल्हापुरातून इंडिगोचं एटीआर ७२ आणि स्टार एअरचं एम्ब्रेअर अशी छोटी विमानं उडत आली आहेत. एटीआर पंख्याचं (प्रोपेलरचं), जेटपेक्षा कमी उंचीवरून जातं, त्यामुळं ढगांमधले हादरे जास्त कळतात, पण हादरा म्हणजे बिघाड नव्हे. शक्यतो सकाळची फ्लाइट घ्या, दुपारी जमीन तापल्यावर हवा जास्त हलते. सीट पंखाजवळची, तिथं शेपटीपेक्षा कमी हलतं (एटीआरमध्ये तिथंच पंख्याचा आवाजही जास्त, हे सांगून ठेवतो, नाहीतर मला शिव्या घालाल).

बसताना काय काय दिसेल ते आधीच माहीत असू दे. एटीआरला मागच्या दारानं चढतात, आणि कधी कधी उजव्या बाजूच्या इंजिनाचा आवाज येतोय पण पंखा थांबलेला, असं दिसतं. बिघाड नाही तो. जमिनीवर वीज आणि एसी मिळावा म्हणून त्या इंजिनाला ब्रेक लावून पंखा थांबवतात आणि इंजिन चालू ठेवतात. पुण्या मुंबईहून एअरबस ए३२० पकडलंत तर टॅक्सी करताना पायाखालून करवत चालल्यासारखा किंवा कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो, तो हायड्रॉलिकचा पीटीयू, म्हणजे एका हायड्रॉलिक लाइनीच्या दाबावर दुसरीत दाब तयार करणारा पंप. जेटच्या खिडकीच्या काचेला खाली बारीक भोक दिसलं तर बोट लावून एअर होस्टेसला बोलवू नका, ते दाब सारखा राहावा म्हणून मुद्दाम पाडलेलं असतं, खरा लोड बाहेरची काच घेते. आणि पंखावर चंदेरी चिकटपट्टी दिसली तर फोटो काढून "बघा सेलोटेपवर विमान चाललंय" असं टाकू नका, ती स्पीड टेप, ॲल्युमिनियमची, ठरवून दिलेल्या जागीच तात्पुरती लावतात. टेकऑफनंतर खालून धप्प आवाज येतो तो चाकं आत गेल्याचा, आणि थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज एकदम उतरतो ते पॉवर कमी केल्यामुळं, इंजिन बंद पडलेलं नसतं. माझ्या शेजारच्या काकूंनी नेमकं याच वेळी अंबाबाईचं नाव घेत माझा हात असा पिळला की वळ उठला.

पट्टा मात्र सगळ्यात महत्त्वाचा. बसल्यापासून उतरेपर्यंत, दिवा विझला तरी सैलसर का होईना बांधून ठेवा. टर्ब्युलन्समध्ये (हवेच्या हादऱ्यांत) विमान सहसा मोडत नाही, पट्टा न बांधलेला माणूस छताला आपटतो. अलास्काच्या त्या विमानातही माणसं जागेवर राहिली ती पट्ट्यांमुळंच. छाती धडधडायला लागली तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाय जमिनीला टेकवून. चहा कॉफी त्या दिवशी कमी. आणि चढतानाच क्रूला सांगा, "मला भीती वाटते". त्यांना सवय असते, मधे येऊन विचारून जातात.

पावसाळ्यात परत येताना एक तयारी ठेवा. आपल्याकडं ढग खाली उतरले आणि रनवे वेळेत दिसला नाही तर पायलट खाली आलेलं विमान परत जोरात वर नेतो, इंजिन ओरडतं, पोट खाली राहतं. त्याला गो-अराउंड म्हणतात, दर पायलटकडून याचा सराव करून घेतलेला असतो. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर दुसऱ्या विमानतळावर नेतील, म्हणून त्या दिवशी संध्याकाळचं लग्न, कोर्टाची तारीख असलं काही ठेवू नका आणि न्यायला येणाऱ्याला सांगून ठेवा की विमान उतरल्याचा फोन आल्याशिवाय घरातून गाडी काढू नको.